विमान गेलं कुठे? बंद संग्रहालयांतल्या जेटांचा माग आणि गुगल अर्थ प्रो

बंद पडलेल्या विमान संग्रहालयातलं लढाऊ जेट शेवटी तीनच ठिकाणी सापडतं: दुसऱ्या संग्रहालयाच्या अंगणात, कुठल्या तरी चौकातल्या चबुतऱ्यावर, नाहीतर भंगाराच्या ढिगात. त्यातलं नेमकं कुठलं, हे ठाण्यात किंवा नेरुळमध्ये खुर्चीवर बसून शोधायचं तर हाताशी असलेलं सगळ्यात कामाचं आणि फुकटचं साधन म्हणजे गुगल अर्थ प्रो. हे परीक्षण त्याच एका कामापुरतं आहे. ट्रेकची वाट आखायला किंवा प्लॉटची हद्द बघायला ते कसं आहे, याच्याशी इथे कर्तव्य नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. हे सॉफ्टवेअर विमान ‘कधी’ हललं ते सांगतं, ‘कुठे’ गेलं ते सांगत नाही. हा फरक लक्षात न घेता बसलेला माणूस आठवडाभर नकाशावर भटकतो आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड कुठे कापला ते ओघात येईलच.

२०१५ च्या जानेवारीपर्यंत या प्रो आवृत्तीला वर्षाला ३९९ डॉलर मोजावे लागत. आता काही लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. २०२४ पासून ब्राउझरमधल्या गुगल अर्थमध्येही जुनी छायाचित्रं दिसू लागली आहेत, आणि नुसतं ‘अजून आहे का नाही’ एवढंच बघायचं असेल तर तेवढं पुरतं. पण मोजमाप घ्यायचं, खुणा साठवायच्या, एकाच जागेच्या वीसेक तारखा एकामागून एक चाळायच्या, तर संगणकावरची प्रो आवृत्तीच घ्या. मोबाइलवर बोटानं विमानाचे पंख मोजणं हा वेळ घालवण्याचा उद्योग आहे.

बसवल्याबरोबर चार गोष्टी बदला. डावीकडच्या लेयर्समधून ‘टेरेन’ आणि ‘थ्रीडी बिल्डिंग्ज’ बंद करा, नाहीतर जमिनीच्या चढउतारावर चित्र ताणलं जातं आणि मोजमाप फसतं. ‘टूल्स’ मधल्या ‘ऑप्शन्स’ मध्ये ‘नेव्हिगेशन’ खाली झूम करताना कॅमेरा आपोआप कलण्याची सोय असते, ती काढून टाका. तिथेच ‘थ्रीडी व्ह्यू’ खाली अक्षांश-रेखांश दशांशात दाखवायला सांगा, म्हणजे ते कुठेही जसेच्या तसे चिकटवता येतात. आणि कळफलकावरची यू, एन ही दोन बटणं लक्षात ठेवा: पहिलं नजर सरळ वरून आणतं, दुसरं उत्तर दिशा वर आणतं. प्रत्येक तारखेचं चित्र याच एका कोनातून पाहिलं नाही तर दोन चित्रांची तुलनाच होत नाही.

आता घड्याळाचं चिन्ह. ‘व्ह्यू’ मेनूतलं ‘हिस्टॉरिकल इमेजरी’ दाबलं की वर तारखांची पट्टी येते. सगळा खजिना इथेच आहे आणि सगळे सापळेही इथेच.

पहिला सापळा म्हणजे झूम. दूरवरून पाहताना जी तारीख दिसते ती बऱ्याचदा धूसर, वेगळ्याच चित्राची असते. विमान ओळखू येईल इतकं जवळ गेल्यावर तुकडा बदलतो आणि तारीखही बदलते. म्हणून तारीख टिपायची ती पुरतं जवळ जाऊन, चित्र पूर्ण उतरल्यावर, आणि कर्सर विमानावरच ठेवून. गुगल अर्थचं चित्र अनेक तुकड्यांची गोधडी असतं. धावपट्टीचं एक टोक जानेवारीचं आणि दुसरं मागच्या मार्चचं असू शकतं.

दुसरा सापळा ३१ डिसेंबरचा. खूप जुन्या चित्रांवर ही तारीख दिसली तर ती बहुधा छायाचित्र घेतल्याची नसून वर्ष भरायला टाकलेली असते. तिच्यावर निष्कर्ष उभारू नका. तिसरा सापळा आपल्या संगणकाचा: मांडणी अमेरिकी असेल तर ६/११ म्हणजे अकरा जून, आपल्याला वाटतं सहा नोव्हेंबर. वहीत महिना अक्षरात लिहायची सवय लावली की हा प्रश्न कायमचा मिटतो. चौथा आणि सगळ्यांना हटकून फसवणारा: उघडल्यावर समोर दिसणारं चित्र सगळ्यात नवं असतंच असं नाही. पट्टी शेवटपर्यंत उजवीकडे ओढली की कधी कधी त्याहून ताजं चित्र निघतं. ‘विमान अजून तिथेच आहे’ असं ठणकावून सांगण्याआधी एवढं तरी करा.

सराव करायला अमेरिकेत जायची गरज नाही. नवी मुंबई विमानतळाची जागा उघडा आणि पट्टी मागे ओढत न्या. उलव्याची टेकडी कशी टप्प्याटप्प्यानं कापली, नदीचं पात्र कसं वळवलं, भराव कसा पसरला हे चित्रागणिक दिसतं. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि विमानं २५ डिसेंबरपासून उडू लागली. ज्या बदलाच्या तारखा आधीच माहीत आहेत अशा जागेवर हात बसला की अनोळखी जागेवर फसगत कमी होते. याच सरावात आणखी एक गोष्ट कळते: कोकणपट्टीत जून ते सप्टेंबरची स्वच्छ चित्रं फारच थोडी. वर ढग, खाली काही नाही. म्हणजे एखादं विमान मे महिन्यात जागेवर होतं आणि नोव्हेंबरात नाही, एवढंच हाती लागतं. मधला सगळा पावसाळा आंधळा.

मोजमापाकडे येऊ. गुगल अर्थवरच्या चांगल्या चित्रात एक ठिपका जमिनीवरच्या साधारण ३० ते ५० सेंटिमीटरचा असतो. मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे पंखांची अख्खी रुंदी पंधरा-वीस ठिपक्यांत. शेपटीवरचा क्रमांक वाचता येईल ही आशा सोडा. जे वाचता येतं ते म्हणजे आकार आणि पंखांची रुंदी.

हात बसवायला न्हावा-शेवाचं बंदर उत्तम. चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो, जगात कुठेही. जेएनपीटीच्या यार्डात असे हजारो पडलेले आहेत. ‘रूलर’ हे अंतर मोजायचं साधन काढून दहा कंटेनर मोजा. थप्पीतला वरचा घेऊ नका, उंचीमुळे तो बाजूला सरकलेला दिसतो. ट्रेलरवरचा किंवा जमिनीवरचा एकटा घ्या. दहा मोजमापं १२ ते १२.५ च्या आत येईपर्यंत विमानाकडे वळायचं नाही. मग परदेशातल्या जागेवर तिथलीच एखादी ठरावीक मापाची वस्तू धरा. अमेरिकेत बास्केटबॉलचं पूर्ण मैदान २८.६५ मीटर असतं आणि तळाच्या आसपास एखादं सापडतंच.

आपल्याकडच्या निवृत्त विमानांची पंखांची मापं अशी: नॅट ६.७३ मीटर, सी हॅरियर ७.७०, मारुत ९, हंटर १०.२६, सी हॉक ११.८९, कॅनबेरा १९.५१. मिग-२३ आणि मिग-२७ चे पंख हलते, म्हणून पसरलेले असले तर १३.९७ आणि मिटलेले असले तर ७.७८. अर्ध्या मीटरचा फरक या साधनानं धरता येत नाही. म्हणजे मिग-२१ आणि सी हॅरियर नुसत्या रुंदीवरून वेगळे करायला जाऊ नका. तिथे आकृती बघायची. मिग-२१ वरून समोशासारखं दिसतं, सरळ त्रिकोण आणि मागे वेगळी छोटी शेपटी. नॅट आणि मिग-२१ ची रुंदी जवळपास सारखी, पण नॅटची लांबी पावणेनऊ मीटर आणि मिगची चौदा-पंधरा, त्यामुळे घोळ होत नाही. मिग-२३ बीएन आणि मिग-२७ मात्र वरून सांगताच येत नाहीत. त्यांच्यातला फरक हवा घेणाऱ्या तोंडाशी आहे आणि ते आकाशातून दिसत नाही.

लांबीवर विसंबू नका, ही सूचना अधोरेखित करावी अशी. चबुतऱ्यावरची विमानं बहुतेक वेळा नाक वर करून, झेप घेताना दाखवलेली असतात. तीस अंश नाक वर असेल तर पंधरा मीटरचं विमान वरून जेमतेम तेरा मीटर भरतं. लगेच कुणीतरी जाहीर करतं की ही फायबरची लहान प्रतिकृती आहे. विमान एका कुशीवर कललेलं नसेल तर पंखांचं माप या कोनानं बदलत नाही. आधी पंख मोजा, मग बोला. खऱ्या प्रतिकृतीही असतात, बागांमध्ये आणि हॉटेलांच्या दारात, पण त्या पंखांच्या मापातही कमी भरतात.

एकदा तरी प्रत्यक्ष पडताळणी करा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मारुत उभं आहे. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टनं रचलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं आणि एकूण १४७ बनलेलं आपलं पहिलं लढाऊ जेट. ठाण्याहून मध्य रेल्वेनं दादर, तिथून पश्चिमेच्या धीम्या गाडीनं महालक्ष्मी. आधी घरून त्याचे पंख मोजून, सावली बघून जा आणि मग खाली उभं राहून तेच पाहा. वरून दिसलेली कुठली रेघ पंखाची होती आणि कुठली सावलीची, हे एका फेरीत कळतं. सावली हा तसा फुकटचा दुसरा फोटोच आहे: शेपटीची उंची, एक शेपटी की दोन, चबुतरा आहे की नाही, सगळं तीच सांगते. फक्त दुपारच्या उभ्या उन्हातलं चित्र नसावं.

आता मूळ काम. संग्रहालय बंद झालं हे कळलं, विमानांची यादी मिळाली. प्रत्येक विमानासाठी दोनच तारखा शोधायच्या: शेवटचं दिसलं ते चित्र आणि पहिल्यांदा दिसलं नाही ते चित्र. या दोन तारखांमधल्या काळाला खिडकी म्हणू. जिथे ते गेलं असावं असा संशय आहे तिथे याच्या उलट: शेवटचं रिकामं चित्र आणि पहिलं भरलेलं चित्र. पहिल्या खिडकीच्या सुरुवातीआधीच दुसरीकडे विमान दिसत असेल तर ते वेगळंच विमान, संशय तिथेच संपला. दोन्ही खिडक्या जुळल्या तरी ते सिद्ध होत नाही, फक्त नाकारता येत नाही. गुगल अर्थचं खरं काम नाकारण्याचं आहे. चाळीस शक्यतांच्या तीन करून देतं, आणि त्यासाठी त्याला गुण द्यायलाच हवेत.

‘दिसत नाही’ म्हणजे ‘गेलं’ असं मात्र नव्हे. सर्वात जास्त चुका इथे होतात. हलवण्याआधी पंख उतरवतात, आणि पंख उतरलेलं मिग-२१ वरून पाहिलं तर सव्वा मीटर जाडीची काठी, दोन-चार ठिपके रुंद. गवतात ती सहज हरवते. शेजारी दोन त्रिकोणी पत्रे एकावर एक टेकलेले दिसले तर समजा की विमान अजून आवारातच आहे आणि ट्रेलरची वाट बघतंय. कधी त्यावर ताडपत्री घातलेली असते, कधी वर झाड पसरलेलं असतं. अशा वेळी एकाच ऋतूतली चित्रं वर्षावर्षांनी बघायची: पानगळीत दिसलं आणि भर पावसाळ्यानंतर नाही, तर ते झाडाखालीच असू शकतं. खरंच गेलेलं विमान मागे खूण ठेवतं. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेला फिकट गवताचा आकार आणि चाकांखालच्या काँक्रीटचे तीन ठोकळे, त्रिकोणात. ते ठोकळे दिसले की मगच ‘गेलं’ असं लिहायचं.

शिवाय निरनिराळ्या तारखांची चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, काही मीटर इकडे-तिकडे सरकतात. आपण टोचलेली खूण विमानावरून सरकून शेजारच्या विमानावर जाते. ओळीनं सहा जेट उभी असतील तर या सरकण्यानं भलत्याच जेटचा मृत्युदाखला लिहिला जातो. खूण विमानाला न लावता इमारतीच्या कोपऱ्याला लावा आणि तिथून मोजत या. एवढी वर्षं झाली तरी हे सरकणं गेलेलं नाही. अर्धा गुण याचा.

हात तपासायला उत्तर माहीत असलेली प्रकरणं घ्या. अमेरिकेत इलिनॉयमधल्या रँटूल इथलं शॅन्यूट विमान संग्रहालय २०१५ च्या अखेरीस बंद झालं. तिथलं एक्सबी-४७, म्हणजे सहा इंजिनांच्या बोइंग बॉम्बरचं जिवंत राहिलेलं एकमेव मूळ नमुना-विमान, क्रमांक ४६-०६६, कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळावरच्या संग्रहालयाकडे २०१६ मध्ये गेलं. बी-५८ हसलर हे स्वनातीत बॉम्बर, क्रमांक ५५-०६६६, कॅलिफोर्नियातल्याच ॲटवॉटरच्या कॅसल संग्रहालयात २०१७ मध्ये पोचलं. पहिल्याचे पंख पस्तीस मीटर, दुसऱ्याची लांबी साडेएकोणतीस. एवढी मोठी विमानं नवशिक्यालाही सापडतात. दोन्ही टोकांच्या खिडक्या काढून बघा आणि त्या जुळल्या की पुढच्या अनोळखी प्रकरणाला हात घाला.

या दोघांच्या बाबतीत एक जास्तीची सोय आहे. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह जून २०१५ मध्ये वर गेला आणि त्याची सगळी चित्रं खुली आहेत. ठिपका दहा मीटरचा, म्हणजे मिग-२१ त्यात जेमतेम एक-दीड ठिपका; त्यासाठी ते पूर्ण निरुपयोगी. पण पस्तीस मीटरचं चकचकीत बॉम्बर गवतावर तीन-चार उजळ ठिपक्यांचा डाग म्हणून दिसतं आणि एके दिवशी तो डाग नाहीसा होतो. तेव्हा एकच उपग्रह असल्यानं दर दहा दिवसांनी फेरी होती, २०१७ मध्ये दुसरा आल्यावर पाच. गुगल अर्थनं दिलेली आठ महिन्यांची खिडकी इथे दोन-तीन आठवड्यांवर येते.

एसरी या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीचं ‘वेबॅक’ हे दुसरं फुकटचं साधन, २०१४ पासूनची चित्रं ठेवणारं. गुगलकडे जी तारीख नाही ती इथे कधी कधी निघते. पण त्याच्या यादीतली तारीख चित्र प्रसिद्ध केल्याची असते, घेतल्याची नव्हे. चित्रावर टिचकी मारून आतली खरी तारीख बघावी लागते. कित्येक जण ते करत नाहीत आणि मग विमान गेल्यानंतर दीड वर्षानंही ‘दिसतं’.

विमान कुठल्या वाटेनं जाईल याचा अंदाज मात्र चित्रावरून नाही, दोन प्रश्नांवरून येतो: मालक कोण आणि आकार केवढा. अमेरिकेत संग्रहालयांतली बरीचशी वायुदलाची विमानं उसनी असतात, मालकी ओहायोतल्या डेटनच्या राष्ट्रीय वायुदल संग्रहालयाची. दार बंद झालं की तेच ठरवतात कुणाला द्यायचं. म्हणून तिथल्या शोधात पहिला कागद म्हणजे उसनवारीचा करार. ब्रिटनमध्ये खासगी संग्रह जास्त आणि ते लिलावात फुटतात. साउथएंडचं हिस्टॉरिक एअरक्राफ्ट म्युझियम मार्च १९८३ मध्ये बंद झालं, १० मे ला लिलाव झाला. तिथलं स्वीडिश साब जे-२९ हे छोटं जेट कॉव्हेंट्रीच्या मिडलंड संग्रहालयात पोचलं आणि आजही आहे. त्याच आवारातलं ब्लॅकबर्न बेव्हर्ली हे ४९ मीटर पंखांचं मालवाहू विमान मात्र जागीच राहिलं, १९८९ मध्ये कापलं गेलं आणि फक्त कॉकपिट वाचलं. कारण साधं आहे. लहान जेटचे पंख उतरवले की धड एका ट्रेलरवर बसतं, शेपूट पुलाखालून जाते. मोठ्या विमानाला क्रेन, रस्त्याचा परवाना, पोलीस, आठ-दहा खेपा. तो खर्च पत्र्याच्या किमतीच्या वर गेला की कटर निघतो. ‘मोठं होतं म्हणून जपलं असेल’ हा तर्क नेमका उलटा आहे.

१९८३ च्या प्रकरणात गुगल अर्थचा उपयोग शून्य, हे सांगायला नकोच. चांगल्या चित्रांची रांग साधारण २००० नंतरच सुरू होते. त्याआधीचं सगळं कागदावर. आणि छपराखालचंही कागदावरच: वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटचं फ्लाइंग हेरिटेज संग्रहालय २०२० मध्ये बंद झालं, २०२२ मध्ये विकलं गेलं आणि पुढच्या वर्षी नव्या मालकाकडे उघडलं. त्या तीन वर्षांत आत काय हललं, काय नाही, हे वरून काहीही कळत नाही. हँगरची छतं तेवढी दिसतात.

आपल्या दारातलं उदाहरण विक्रांतचं. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झालेली ही विमानवाहू युद्धनौका २००१ पासून संग्रहालय होती, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना लिलावात गेली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत जहाजं तोडतात त्या दारुखान्यात तिच्यावर कटर चालला. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या व्ही या मोटारसायकलीत गेला. ठाण्याच्या तलावपाळीला अजूनही एखादी उभी दिसते. दारुखान्याच्या २०१४-१५ च्या तारखा चाळून बघा. शोधायचं आहे ते २१३ मीटर लांबीचं सांगाड्यासारखं काही तरी, चित्रागणिक आखूड होत जाणारं. जहाजाचं प्रेत असं वरून मोजता येतं. पण तिच्या पोटातल्या हँगरमध्ये जी विमानं आणि हेलिकॉप्टरं मांडली होती त्यांच्याबद्दल चित्र एक अक्षर बोलणार नाही. तिथे प्रत्येक विमानाचा नौदल क्रमांक, तो ‘आयएन’ नं सुरू होतो, घेऊनच निघावं लागतं आणि आज देशात उभ्या असलेल्या विमानांच्या फोटोंशी ताडून बघावं लागतं.

क्रमांकाबद्दल सावधगिरी. आपल्या वायुदलात अक्षरांवरून प्रकार कळतो: हंटरवर बीए, मिग-२३ बीएनवर एसएम, मिग-२३ एमएफवर एसके, मिग-२५ वर केपी. चबुतऱ्यावर चढवताना विमान पुन्हा रंगवतात आणि रंगारी जुना क्रमांक चुकवतो, किंवा एखाद्या गाजलेल्या विमानाचा मुद्दाम घालतात. पंख एकाचे, धड दुसऱ्याचे हेही होतं. रंगातला क्रमांक म्हणून पुरावा नाही. चाकांच्या खोबणीत आणि झाकणांच्या आतल्या बाजूला कारखान्याचे छापलेले किंवा ठोकलेले आकडे असतात, त्यांचा फोटो मिळाला तर तो पुरावा.

आणि जिथे कागद मागायचा तिथे माहिती अधिकार. महापालिकेच्या बागेतलं किंवा चौकातलं विमान नाहीसं झालं तर अर्ज वायुदलाकडे करू नका, तिथे सुरक्षेच्या कलमावर बोट ठेवलं जाण्याचीच शक्यता जास्त. महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे मजकूर १५० शब्दांत. ‘विमानाचं काय झालं?’ असा प्रश्न विचारला की ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. नेमके कागद मागायचे: विमान मिळाल्याचं वाटप पत्र, चबुतऱ्याचा कार्यादेश, देखभालीची निविदा, हलवल्याची किंवा निर्लेखनाची, म्हणजे दप्तरातून कायमचं काढून टाकल्याची, नोंद. महिना-वर्ष द्यायचं ते गुगल अर्थनं काढलेल्या खिडकीचं, म्हणजे ‘कालावधी स्पष्ट नाही’ ही पळवाट बंद होते. उत्तर तीस दिवसांत. ‘अभिलेख नष्ट’ असं आलं तर नष्ट केल्याची नोंद मागा. सरकारी भंगाराचे बरेच ई-लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवरून होतात, तेव्हा निर्लेखनाची तारीख हाती आली की पुढचा धागा तिथे शोधायचा.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. आता ही विमानं गावोगावी चबुतऱ्यांवर चढतील. आजच त्यांच्या जागा आणि क्रमांक टिपून ठेवले तर वीस वर्षांनी कुणाला खिडक्या काढत बसावं लागणार नाही. मात्र टिपायचं ते संग्रहालयं, बागा आणि चौक एवढंच. चालू हवाई तळांवरच्या विमानांच्या खुणा करून त्या वाटत फिरणं हा वेगळा आणि अंगाशी येणारा प्रकार आहे. ठाण्यातल्या कोलशेतच्या वायुदल तळाच्या कुंपणाशी कॅमेरा काढून उभं राहायची तर अजिबातच गरज नाही.

शेवटची तक्रार, उरलेल्या एका गुणाची. गुगल अर्थ प्रो खुणा साठवतं ते बंद होताना. मध्येच लटकलं, आणि बऱ्याच तारखा भराभर चाळताना ते लटकतं, तर त्या दिवसाच्या सगळ्या खुणा गेल्या. दर अर्ध्या तासानं ‘फाइल’ मधून ‘सेव्ह माय प्लेसेस’ दाबा. शिवाय प्रत्येक संग्रहालयाचं वेगळं फोल्डर करून त्याची केएमझेड (गुगल अर्थच्या खुणा साठवणारी) फाइल बाहेर काढा आणि नावात क्रमांक, शेवटचं दिसलेलं चित्र, पहिलं न दिसलेलं चित्र याच क्रमानं लिहा. ‘नवीन फोल्डर ३’ नावाच्या फाइलीत काय होतं, ते वर्षभरानं तुम्हालाच सांगता येणार नाही.